हवा गेली कुठं?

मुलांनो, भाऊबीजेला भाऊ बहिणीला काय देतो? साडी, पाकीट, फार तर एखादं घड्याळ. माझ्या धाकट्या भावानं दोन वर्षांपूर्वी मला ओवाळणीत एक खोकं दिलं. उघडून बघते तर आत जेवणाच्या डब्याएवढं एक काळं यंत्र, त्याला गुंडाळलेली तीन मीटर वायर आणि एक आखूड रबरी नळी.

"हे रे काय?"

"हवा भरायचं मशीन. तुझ्या गाडीसाठी!"

आमच्या सासूबाई पाटावरूनच म्हणाल्या, "अगंबाई, भावानं ओवाळणीत हवा घातली की गं!" सगळे पोट धरधरून हसले. भाऊ मात्र गोरामोरा झाला. मीही ते खोकं डिकीत टाकलं आणि विसरून गेले.

त्या यंत्राची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. गोष्टीत माझी एक चूकसुद्धा आहे. वर्गात तुमच्या चुकांवर मी लाल पेन चालवते, म्हणून माझीही लपवत नाही.

पुण्याहून सोलापूरकडे निघालात की हडपसर, मांजरी मागं पडल्यावर आमचं लोणी काळभोर लागतं. इथं पेट्रोल-डिझेलच्या मोठाल्या टाक्या आहेत, त्यामुळं टँकरची ये-जा सदाची. आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी इथं मुक्कामाला असते. अशा रस्त्याच्या गावात टायरची दुकानं किती असतील ते सांगायला नको. बाहेर टांगलेला जुना टायर, पाण्याची घंगाळ, आणि मधूनच 'डग्‌डग्‌डग्' करून सुरू होणारी हवेची मोठी टाकी. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं असंच एक दुकान आहे. ते या गोष्टीत पुढं येणार आहेत.

तर, गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तुळजापूरला निघालो होतो. पहाटेचे पाच. अंगणात गाडी काढली तर डावीकडचं मागचं चाक खाली बसलेलं. एवढ्या पहाटे दुकान कोण उघडणार? तेव्हा मला भावाची ओवाळणी आठवली! यंत्र काढलं, जोडलं, काट्यावर बघितलं तर दाब फक्त १४. असायला हवा होता ३३. बटण दाबलं आणि 'घर्र' असा आवाज सुरू झाला. समोरच्या घरातला दिवा लागला, पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं, पण तीन-चार मिनिटांत काटा ३३ वर आला. चाक टुमदार उभं राहिलं. माझी मान ताठ! सासूबाईंना म्हटलं, "बघा, हसत होतात ना!"

आम्ही निघालो. उरुळी कांचन मागं पडलं. उजाडत होतं. आणि यवतच्या अलीकडं गाडी मागून डुलायला लागली, शेपूट हलवल्यासारखी. आमचे हे शहाणे, त्यांनी ब्रेक करकचून दाबला नाही. पाय हळूहळू उचलत, दिवे लुकलुकते ठेवून गाडी डांबराच्या बाहेर घेतली. मागच्या सीटवर सासूबाई आणि आमची सहा वर्षांची लेक होती. दोघीही झोपेत. शेजारून एक ट्रक असा काही गेला की उभी गाडी हलली. मी उतरून टायरजवळ हात नेला तर तव्याजवळ नेल्यासारखी धग लागली.

स्टेपनी लावली आणि तुळजापूर न करता तिथूनच माघारी फिरलो.

थांबा, 'स्टेपनी' शब्दाची गंमत सांगते. हा शब्द मराठी वाटत नाही, आणि आज इंग्रजांनाही सहसा कळत नाही! पूर्वी मोटारींना जादा चाक नसायचं. वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, १९०४ च्या सुमाराला दोघा भावांनी पंक्चर चाकाला वरून अडकवायचं एक हवा भरलेलं जादा चाक बनवलं. त्या रस्त्याचं नाव चाकाला पडलं, चाक जगभर गेलं, तिकडचे लोक नाव विसरले, आपण मात्र जपून ठेवलं. आता ही स्टेपनीही कमी होत चालली आहे बरं का. ऑक्टोबर २०२० पासून आपल्या देशात असा नियम आहे की, ज्या मोटारीला ट्यूबलेस टायर आहेत, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आहे आणि टायर दुरुस्तीचं साहित्य सोबत आहे, तिला जादा चाक नसलं तरी चालतं. म्हणजे भावानं दिलं तसलं यंत्र पुढं पुष्कळ घरांत दिसणार.

दुकान उघडल्यावर आम्ही ते चाक घेऊन गेलो. त्या मुलीच्या वडिलांनी टायर रिमवरून उतरवला, उलटा केला आणि आत हात घालून मूठभर काळा भुगा बाहेर काढला. शिसपेन्सिलीला टोक करताना पडतो ना, तसा बारीक. "बाई, हा टायरचाच भुगा. हवा कमी असताना चालला, त्यानं स्वतःलाच दळून काढलं." मग बाहेरच्या बाजूला एका खाचेत बोट ठेवलं. तिथं खिळ्याचं डोकं चमकत होतं.

मी म्हटलं, "पण दादा, मी सकाळी हवा भरली होती. बरोबर तेहेतीस!"

ते म्हणाले, "भरली ती बरोबर. पण आधीची हवा गेली कुठं, ते कुणाला विचारलंत?"

मला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं. चांगलं चाक एका रात्रीत ३३ वरून १४ वर येत नाही. रबरातून थोडी हवा नेहमीच झिरपते, पण ती महिन्याला एक-दोन अंक. एवढी उतरली म्हणजे भोक असणारच. यंत्र हवा भरतं, भोक बुजवत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण काटा ३३ वर आलेला बघून मी खूष झाले आणि विचार करायचा राहिला.

पण मुलांनो, हवा कमी असली तर टायर इतका का तापावा? याचं उत्तर शोधायला आपण एक गणित करू.

३३ म्हणजे ३३ पीएसआय. एक इंच लांब, एक इंच रुंद एवढ्या जागेवर ३३ पौंडांचा रेटा. आपल्या मापात सांगायचं तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. आमची छोटी गाडी माणसांसकट धरू १२०० किलो. चार चाकं, म्हणजे एकेका चाकावर ३०० किलो. आता ३०० ला २.३ नं भागा. आले १३० चौरस सेंटिमीटर? म्हणजे टायरचा साधारण एवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. पोस्टकार्ड असतं १४ सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद. गुणाकार करा, १२६! अख्खी गाडी, तुम्ही, आजी, डबे, पिशव्या, सगळं चार पोस्टकार्डांवर उभं असतं.

आता हवा निम्मी झाली तर? वजन तेवढंच, रेटा निम्मा, मग जागा दुप्पट लागणार. एका पोस्टकार्डाची दोन होतात. टायर पसरतो, त्याच्या कडा बाहेर फुगतात. चाक फिरताना त्या कडेचा प्रत्येक भाग खाली आला की दबतो, वर गेला की सरळ होतो. एखादी तार हातात धरून भराभर पुढं-मागं वाकवा. थोड्या वेळानं वाकवलेल्या जागी बोट लावा. गरम लागली ना? तसंच टायरचं. आमच्या गाडीचं चाक एका किलोमीटरला साधारण ५५० फेरे घेतं. लोणीहून सोलापूरला पोचेपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास! एवढ्या वेळा वाकलेला टायर तापणार, आतले थर सुटणार, आणि वेग असेल तर फुटणार. आपल्या राज्यात मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. ७०१ किलोमीटरचा सरळ, वेगाचा रस्ता. तिथं टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याची माणसं महामार्गाच्या तोंडाशी उभी राहून टायर तपासू लागली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी धाडू लागली.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. फार गुंतागुंत नाही. एक विजेची मोटर, तिला दाते असलेली चाकं, आणि अंगठ्याएवढा एक दट्ट्या. दट्ट्या मागं आला की एक झडप उघडून बाहेरची हवा आत येते. पुढं गेला की ती झडप मिटते, दुसरी उघडते आणि हवा नळीतून टायरमध्ये ढकलली जाते. सायकलचा पंप हेच करतो, फक्त तिथं मोटर म्हणजे तुम्ही! आमच्या टायरच्या पोटात साधारण २५ लिटर जागा आहे. त्या पहाटे १४ वरून ३३ वर जायला बाहेरची सुमारे ३२ लिटर हवा आत कोंबावी लागली. पायपंपाच्या एका दाबात पाव लिटर हवा धरली तर झाले १२८ दाब. करून बघा, मांड्या भरून येतील. यंत्राचा दट्ट्या एका वेळी चमचाभरच हवा ढकलतो, पण इतका भरभर की तीन-चार मिनिटांत काम होतं.

आणि वीज? गाडीत १२ व्होल्टचं एक भोक असतं. पूर्वी तिथं सिगारेट पेटवायची सोय असे, आता लोक मोबाइल लावतात. तिथून हे यंत्र सुमारे १० अँपिअर वीज ओढतं. १२ गुणिले १० म्हणजे १२० वॉट. जुने साठ वॉटचे दोन दिवे लागतील एवढी.

हवा दाबली की तिचा दाब का वाढतो, हे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं १६६२ मध्ये नियमात बसवून सांगितलं. तुम्ही घरीच बघा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली नवी सिरिंज आणा. दट्ट्या दहाच्या खुणेपर्यंत ओढा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दाबा. पाचच्या खुणेशी आणलात तर आतला दाब दुप्पट झाला. हात सोडा, दट्ट्या उसळून मागं येतो. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, आत स्प्रिंग आहे!" आहेच. हवेची. टायर म्हणजे तरी दुसरं काय?

ही हवेची स्प्रिंग चाकाला बसवायची युक्ती कुणाला सुचली? तुमच्या आजोबांना विचारा, पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडाची 'धाव' असे. लोहार ते कडं आगीत लालभडक करायचा, तापून ते फुगलं की चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. वाफेचा लोट उठे, कडं आवळून घट्ट बसे. चाक पिढीभर टिके, पण बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होत. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसननं १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते मागं पडलं, लोक विसरले. मग बेलफास्टमधले एक गुरांचे डॉक्टर, जॉन बॉइड डनलॉप. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरे द्यायची. १८८७ मध्ये त्यांनी तिच्या चाकांना रबराची हवा भरलेली नळी गुंडाळली, आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. ते पुढं रद्द झालं, कारण थॉमसनचं आधीच होतं! फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत हवेच्या टायरची मोटार पळवली. वाटेत पंक्चरवर पंक्चर. शर्यत काही जिंकली नाही, पण मोटार हवेवर पळू शकते हे जगाला दिसलं. आमच्या भागात ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांनाही पुढं धाव जाऊन रबरी टायर आले. त्यांना टायरगाडीच म्हणतात.

दिवाळीनंतर शाळा भरल्यावर मी ते यंत्र शाळेत नेलं. त्या मुलीच्या वडिलांनाही बोलावलं होतं. मैदानात गाडी उभी, भोवती चौथीचा वर्ग. मी सांगत होते, ते मध्येच दुरुस्त करत होते. दोघांनी मिळून जे सांगितलं, ते तुमच्या आई-बाबांनाही वाचून दाखवा, कारण हे काम मोठ्यांनी करायचं आणि तुम्ही मदतीला उभं राहायचं.

आधी आकडा शोधायचा. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. टायरच्या अंगावर कोरलेला मोठा आकडा आपला नव्हे! ती सोसण्याची कमाल मर्यादा. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो, आणि माणसं-सामान भरलं की वेगळा. हवा सकाळी, चाकं थंड असताना बघायची. गाडी पळून आली की आतली हवा तापते आणि काटा उगाच वर दिसतो. पाच-सहा अंश उष्णता वाढली की साधारण एक पीएसआय वाढतो. दुपारी जास्त दिसते म्हणून सोडलीत, तर दुसऱ्या दिवशी पहाटे कमी!

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू ठेवलं तर बॅटरी उतरत नाही, पण ते उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे विषारी धूर कोंडून घेणं, ते कधीच नाही. व्हॉल्व्हचं टोपण काढून खिशात ठेवायचं, मातीत नाही (आमच्या चारांतली दोन मातीतच गेली). नळी लावताना 'फुस्स' होतं, घाबरायचं नाही, पटकन घट्ट करायची. यंत्र चालू असताना काटा थोडा जास्त दाखवू शकतो, म्हणून बंद करून मग वाचायचा. जास्त झाली तर थोडी सोडायची. आणि चार चाकं सलग भरायची नाहीत. दहा मिनिटं चाललं की त्याला तेवढीच विश्रांती द्यायची. दाबलेली हवा तापते, दट्ट्या घासून तापतो. नळीच्या पितळी टोकाला मी लगेच हात लावला, तर बोटाला फोड आला.

"आणि," मुलीचे वडील म्हणाले, "चाक पार बसलेलं असेल आणि तसंच चालवलेलं असेल तर हवा भरून पुढं जायचंच नाही. आतून दळलेलं चाक बाहेरून धडधाकट दिसतं." त्यांनी माझा जुना टायर आणला होता. मुलांनी आत हात घालून भुगा काढला. सगळ्यांचे हात काळे.

मग त्यांनी एका बादलीत साबणाचं पाणी केलं आणि मुलांना चाकावर शिंपडायला लावलं. भोक असलं की तिथं बुडबुडा येतो. तिसऱ्या चाकाशी एकच गलका झाला. व्हॉल्व्हच्या तोंडाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगत होता! आतली पिन सैल होती. त्यांनी खिशातून चावी काढून अर्धा फेरा पिळली, बुडबुडा थांबला. गंमत म्हणजे ते चाक मी चांगलं समजत होते.

सगळी पांगल्यावर त्यांची मुलगी मागं राहिली. टायरवर बोटानं रेघा ओढत म्हणाली, "बाई, हे मशीन सगळ्यांनी घेतलं तर आमच्या बाबांकडं कोण येणार?"

मला पटकन काही सुचलं नाही. खोटं सांगणं बरं नव्हतं. हवा भरायला येणारी माणसं कमी होतील, हे खरंच आहे. पेट्रोल पंपावर हवा फुकटच असते, तरी जवळ पडतं म्हणून कितीतरी लोक दुकानात येतात आणि जाताना पाच-दहा रुपये देतात. दिवसभराचे ते पाच-दहा रुपये घरात मोजले जातात. मी म्हटलं, "तूच बाबांना विचार. उद्या मला सांग."

दुसऱ्या दिवशी ती प्रार्थनेच्या आधीच आली. तिनं विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, लोक घरी हवा बघायला लागले तर उलट त्यांना कळेल की चाक रोज उतरतंय, मग ते पंक्चर काढायला येतील, आता महिनोन्‌महिने बघतच नाहीत. मग थोडा वेळ गप्प बसून असंही म्हणाले होते, "बघू."

ही झाली वर्षभरापूर्वीची गोष्ट. परवा रात्री साडेदहाला मी लोणी स्टेशनच्या बाजूनं येत होते. रस्त्याकडेला एक मोटार उभी, आत बाई आणि कडेवरचं बाळ. चाकाशी टॉर्च लावून कुणीतरी वाकलेलं. शेजारी स्कूटर. ओळखीचा 'घर्र' आवाज ऐकून मी थांबले. त्यांनी वर बघितलं आणि हसले. स्कूटरच्या डिकीत आता त्यांचंही एक काळं यंत्र असतं, माझ्यापेक्षा थोडं मोठं. रात्री-बेरात्री फोन आला की ते निघतात.

"खिळा काढला का?" मी विचारलं.

"आधी तोच काढला, बाई," ते म्हणाले, आणि काटा बघायला खाली वाकले.